आपला नाना

गॅसवर भरताचं वांगं ठेवलं, साल करपल्याचा वास सुटला आणि मी पुण्यातल्या स्वयंपाकघरातून थेट धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या अंगणात पोचले.

अक्का, म्हणजे माझी मोठी आत्या, काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. पुण्याला संशोधनासाठी माझी निवड झाली होती आणि माझे वडील, नाना, अडून बसले होते. "एक्सरे शिकाले पुन्याले कसाले? धुयामा दवाखाना नहीत का?"

"नाना, हे ताऱ्यांचे एक्सरे," मी म्हणाले आणि समजावू लागले. धुळे आणि शिंदखेड्याच्या मधे मावेल एवढासा तारा, पण वजन सूर्याहून जास्त. शेजारच्या ताऱ्याचा वायू तो ओढून अंगावर घेत राहतो. थर साचतो, दबतो, तापतो आणि एकदम भडकतो. एक्सरेंचा लोट उठतो. ताऱ्याला मात्र काही होत नाही. तो निवतो आणि पुन्हा साठवायला लागतो.

अक्काने वांगं उलटलं. "हाऊ तं आपला नाना शे!"

"मी कवय भडकस?" नाना असे गरजले की शेजाऱ्यांनी रेडिओ बंद केला. मग बराच वेळ ते नुसते पुटपुटत राहिले. जेवताना भरत माझ्याकडे सरकवत त्यांनी हळूच निघायची तारीख विचारली, "कवय जानं शे?"

तेव्हा अक्काचा फार राग आला होता. आता एक्सरेंच्या आलेखावर तो उभा चढ आणि मागून रेंगाळणारा उतार दिसला, की माझ्याच तोंडून निघतं, "आले नाना!"

परवा एका अमराठी विद्यार्थ्याने भीत भीत विचारलं, "मॅडम, हा स्फोट शोधणारे नाना जपानी होते का?"