आमच्या पहिल्या ताण्याची पाजणी

मार्शल लॉ उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. गिरणीनं माणसं कमी केली आणि आमचे हे घरी बसले. माझ्या लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं आणि मला दिवस राहिले होते. भोंगा वाजला की हे सवयीनं उठायचे, तोंड धुवायचे, टोपी घालायचे आणि उंबऱ्यावर बसून राहायचे. सुरुवातीला मला कीव आली. पुढं पुढं राग यायला लागला. माणूस चिडला, ओरडला तर त्याच्याशी दोन शब्द भांडता तरी येतं. टोपी घालून गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं?

शेवटी यांनी एकदा तोंड उघडलं ते असं: "परळला आपला एक गाववाला हाय. त्यो म्हनतोय, ये म्हनून. तू बाळंतपनाला म्हायेरी जा. माजं तकडं बस्तान बसलं की बोलावतो."

मुंबईला बस्तान बसवायला गेलेली आमच्या गावची माणसं मला ठाऊक होती. एकाचं कितीतरी वर्षं नुसतं बसतच होतं, आणि त्याची बायको भावाच्या शेतात खुरपत म्हातारी व्हायला आली होती. मी चौथी पास, म्हणजे आमच्या घराण्यातली बॅरिस्टरच. ताडकन म्हणाले, "काय करायचं ते हितं करा. मी म्हायेरी जानार न्हाय." बोलले खरी, पण हितं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मलाही माहीत नव्हतं.

आम्ही भवानी पेठेत एका बोळात भाड्यानं राहत होतो. बोळ सगळा तेलुगू विणकरांचा. घरोघरी हातमाग, उजाडल्यापासून धोट्यांची खटखट. त्यात मराठी बिऱ्हाड आमचं एकटं. समोरच्या घरात एक म्हातारी होती, तिला सगळा बोळ अव्वा म्हणायचा. तिचं मराठी आणि माझं तेलुगू सारखंच मोडकं होतं, पण भांडणापुरतं दोघींनाही येत होतं. तिचा धाकटा मुलगा वेगळा झाला आणि त्याचा माग रिकामा पडला. एके दिवशी ती यांच्याकडे बोट दाखवून मला म्हणाली, "माग तिकडं पडून हाय, हा हिकडं पडून हाय. दोघाला एकत्र बसीव की!"

हे गिरणीत सांचेवाले, म्हणजे यंत्राच्या मागावर काम करणारे. विणकाम हाताखालचं, पण हातमाग निराळा. अव्वाच्या थोरल्या मुलानं आठवडाभर शेजारी बसून पाय कधी दाबायचा आणि हात कधी ओढायचा ते शिकवलं. बोळात सगळे लुगडी विणायचे. लुगड्यांचं सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं मात्र नव्या माणसाला सूत द्यायला साफ नकार दिला. मग माझ्या आईनं दोन शेळ्या विकल्या आणि त्यातून आम्ही जाडंभरडं सूत आणलं. साधी पांढरी पासोडी विणायची, असं ठरलं. ती कोण घेणार याचा विचार दोघांनीही मुद्दाम केला नाही. यांनी मात्र बजावून ठेवलं, "ह्यो एकाच तान्याचा खेळ. जमलं तर जमलं. न्हायतर मी परळची वाट धरनार." माझ्यासाठी त्या सुताच्या एका टोकाला हे होते आणि दुसऱ्या टोकाला परळ.

आता पाजणीचं सांगते. उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजावी लागते, नाहीतर विणताना धागे तुटत राहतात. त्यासाठी सगळा ताणा बोळातून लांबच्या लांब ताणायचा. त्याला आधार म्हणून खाली लाकडी घोडे उभे करायचे. मग सुताला पातळ खळ चोळायची आणि दोन्ही बाजूंनी माणसं उभी करून मोठमोठ्या कुंच्यांनी ती विंचरत न्यायची. खळ ओली आहे तोवर धागा न् धागा सुटा झाला पाहिजे. ऊन चढलं आणि खळ तशीच वाळली, की धागे एकमेकांना चिकटून पापड होतो. मग ते सूत कशाच्याच कामाचं राहत नाही.

हे दोघांचं काम नव्हे, हे आम्हाला दिसत होतं. बोळात कुणाची पाजणी असली की पहाटेच सगळी घरं बाहेर यायची, ते मी पाहिलं होतं. मला वाटायचं, एकमेकांचे नातेवाईक असतील, येत असतील. आमच्या गावात कामाला माणूस हवा तर आदल्या दिवशी दारात जाऊन सांगावं लागतं, आणि आपणही त्याच्या शेतात राबून फेड करावी लागते. आम्ही कुणाच्या पाजणीला कधी हात लावला नव्हता. मग कुठल्या तोंडानं दारात जायचं? मी यांना म्हणाले, "येतील तर येतील. न्हाईतर आपुन दोघं हाय की." हे हो म्हणाले. हे मला हो म्हणत, तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

आदल्या संध्याकाळी यांनी अव्वाकडचे घोडे आणून बोळात मांडून पाहिले. अंतर बरोबर बसलं. मग अंधार पडायच्या आत आम्ही ते उचलून घरात ठेवले. गावाकडं आम्ही रात्री दोरीचा तुकडासुद्धा बाहेर ठेवत नसू. नांगराचं जू चोरीला गेल्याचं मी लहानपणी पाहिलं होतं. दुसऱ्याचं लाकूडसामान बाहेर टाकून झोपायचं कसं? उलट घोडे आत घेतले याचं आम्हाला समाधानच वाटलं.

पहाटे आम्ही ताणा ताणला. मी खळ चोळायला लागले आणि हे कुंचा घेऊन एका बाजूनं निघाले. दारं किलकिली झाली. आतून कुणी पाहतंय, हे कळत होतं. पण बाहेर कुणी येईना. एका दारातून एक डोकं बाहेर आलं, आमच्याकडे पाहिलं आणि परत आत गेलं. अव्वाचं दार तर बंदच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात म्हटलं, परकी ती परकीच. माग दिला तो दिखाव्याला. पोटुशी बाई वाकून वाकून खळ चोळतेय आणि हे दाराच्या फटीतून तमाशा बघतायत.

बोळाच्या तोंडाशी ऊन आलं. यांचा कुंचा एका टोकाला पोचेपर्यंत दुसरं टोक सुकायला लागायचं. यांनी पळापळ केली आणि दमले. माझ्या बोटांना धागे खरखरीत लागायला लागले.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी कडब्यानं लादलेली एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीवाला मंगळवेढ्याकडचा धनगर, डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं. पेठेतल्या वाटा त्याला नवीन, तो चुकून आमच्या बोळात शिरलेला. समोर ताणा बघून तो ओरडला, "आरं, ही वाट हाय का तुमची वळचन? काडा की ते सूत! बैलं रातभर चालल्यात!"

मला निमित्तच हवं होतं. मी खळीचे हात तसेच कमरेवर ठेवून त्याच्यावर तुटून पडले. "तुजी गाडी मागं घे! ह्या सुताला चाक लागलं तर बैलं ठिवून घीन!" तो म्हणाला, "घे की! चारा बी घाल त्यास्नी!" असं आमचं जुंपलं. हे मधे उभे, एका हातात कुंचा आणि दुसऱ्यानं मला आवरतायत.

आवाज ऐकून अव्वा बाहेर आली. ती आधी गाडीवाल्याला बोलली, मग मला बोलली, आणि बोलता बोलता तिचा हात सहज ताण्यावर पडला. तिचा चेहरा बदलला. मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, "अव्वा, आमचा ताना चालला वं! हात लावा की कुनीतरी!"

अव्वानं बोळाकडे तोंड करून अशी हाक मारली की बैलांनी कान टवकारले. "लेवंडी! लेवंडी!" उठा, उठा. आणि दारं उघडली. बायका, म्हातारे, लुगड्याचा काचा मारलेल्या पोरी, सगळे. कुणी कुंचे आणले, कुणी घागर आणून सुतावर हातानं पाणी शिंपडायला लागलं. दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहिली आणि कुंचे एका चालीत पुढं सरकायला लागले. मागच्या टोकाची दोरी सैल पडली, तेव्हा तो गाडीवाला शिव्या देत देतच पुढं आला, दोरी कमरेला गुंडाळली आणि पाय रोवून उभा राहिला. "वडा," म्हणाला, "बैल काय आनि मी काय."

अव्वा कुंचा ओढता ओढता मला झापत होती. पाजणी असली की आदल्या संध्याकाळी घोडे बाहेर मांडून ठेवायचे, हीच बोळाला हाक. वेगळं सांगायचं नसतं. आणि घोडे बाहेर न ठेवता कुणी ताणा काढला, तर त्याला दृष्टीची भीती आहे, त्याला कुणी यायला नको आहे, असं समजून लोक मुद्दाम लांब राहतात. "काल मांडला, परत आत नेला. आम्ही म्हनलं, ह्यांना आमची नजर लागतीय!" ती म्हणाली. "सगळा बोळ रागावून बसला की तुज्यावर!" म्हणजे दाराच्या आत ते आमच्यावर चिडले होते आणि दाराबाहेर मी त्यांच्यावर. मला हसू यायला लागलं आणि थांबेचना.

ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत ताणा सुटला होता. धागा न् धागा मोकळा. यांनी त्यावरून तळहात फिरवला आणि खाली बसले. इतकं हलकं मला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं. पोटातल्या जिवालाही कळलं असावं, त्यानं एक लाथ मारली.

मी गूळ-चुरमुरे वाटले. गाडीवाला आमच्या उंबऱ्यावर बसला, घाम पुसायला त्यानं घोंगडं खांद्यावरून काढलं आणि मांडीवर टाकलं. अव्वाला दिसेल त्या कापडाला हात लावायची खोड. तिनं घोंगड्याची काठाकडची काळी-पांढरी पट्टी चिमटीत धरली.

"टोचतंय की हे," ती म्हणाली.

"टोचतंय तर. उनाळ्यात आंग सोलून निगतंय," तो म्हणाला.

"मग घेतूस कशाला?"

"न्हाय घेऊन कसं चालंल? खांद्यावर घोंगडं नसलं तर आमच्या मानसात आमाला कोन वळकंल?"

तो आणखी एक मूठ चुरमुरे तोंडात टाकून बैलांकडे गेला. सगळ्यांनी मिळून त्याची गाडी उलटी फिरवून दिली. तो माणूस मला पुन्हा कधी दिसला नाही. त्याचं नावही कुणी विचारलं नाही.

हे मात्र उंबऱ्यावर तसेच बसून होते. मला वाटलं, दमलेत. थोड्या वेळानं म्हणाले, "सुताचं घोंगडं केलं तर?" मी म्हणाले, "म्हंजी?" हे अव्वाकडं वळले. "आडव्या सुतात काळे पट्टे घालायचे. तसंच दिसायला पायजे, पर टोचायला नको." अव्वानं डोळे बारीक केले, मग ओरडूनच थोरल्या मुलाला बोलावलं. ती तिघं तेलुगू, मराठी आणि हातवारे अशा तीन भाषांत संध्याकाळपर्यंत भांडली. काळं सूत मागच्या बोळातल्या रंगाऱ्यानं दिलं. काठाची दात्यांसारखी नक्षी कशी उठवायची ते अव्वाच्या सुनेनं दाखवलं. यांनी ते विणलं. चादर मागावरून उतरली तेव्हा ती खरोखरच घोंगड्याच्या धाकट्या बहिणीसारखी दिसत होती.

त्या ताण्यातून निघाल्या तेवढ्या चादरी घेऊन आम्ही जनावरांच्या बाजाराच्या कडेला बसलो. अर्धा दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. लोक शेळ्यांचे दात बघत होते, आमच्याकडे कोण बघणार? यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि रेल्वे स्टेशनाच्या दिशेला बघत बसले. हे मनानं परळच्या गाडीत बसलेत, ते मला समजलं.

मग एक म्हातारा मेंढपाळ येऊन उभा राहिला. त्यानं चादर बोटांत चोळली, नाकाला लावली, खांद्यावर टाकली आणि पैसे न देता सरळ चालायला लागला. मी उठले तर यांनी मला धरून बसवलं. म्हातारा पलीकडं आपल्या माणसांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. तिथं हशा उठला. "काय पावनं, आज हलकं झाल्यागत वाटतंय!" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्यानं चादर ओढून आपल्या खांद्यावर घेतली. तिसऱ्यानं त्याच्याकडून ओढली. मग तो घोळका आमच्याकडं यायला लागला. मी हात जोडलेले होते, ते मला नंतर कळलं.

दिवस मावळायच्या आत पोत्यावर एकही चादर उरली नाही. आम्ही पेठेकडं निघालो. रिवाजाप्रमाणं हे पुढं, मी चार पावलं मागं. बरीच वाट झाली तरी परळचा विषय निघेना. मला राहवेना.

"मग, परळला कधी निगायचं?"

हे थांबले. मागं वळून पाहिलं.

"कुनी?"

"तुमी."

"मला येळ कुटं हाय?" हे वैतागूनच म्हणाले. "पुढल्या बाजाराला दहा जनास्नी चादरी देतो म्हनून बसलोय. उद्या सूत आनाय पायजे. तू जरा भराभरा चाल की."

मी भर रस्त्यात उभी राहून रडायला लागले. हे घाबरले, पोटात दुखतंय का विचारायला लागले. येणारी-जाणारी माणसं थांबली. मी नाही नाही म्हणत मान हलवत होते. शेवटी हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तिथून घरापर्यंत आम्ही दोघं बरोबरीनं चालत गेलो.