बोटीचं इंजिन आणि आईंची स्वारी

आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या मंडळाच्या खजिनदारांना असा ठसका लागला, की त्यांच्या पाठीत बुक्क्या मारता मारता शेवट सांगायचाच राहिला. आणि खरा बावळटपणा शेवटीच आहे!

तर मी वृंदा. राहते दिल्लीतल्या द्वारकेत, नोकरी मानेसरला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात. काम काय? दुसऱ्यांच्या चुका पकडणं! क्वालिटीत आहे मी. एखाद्या पंपावरचा बाण उलटा छापला गेला, की मी तो पंप उचलून सगळ्यांदेखत विचारते, "ये क्या है भैया? आँखें घर पे रख के आए हो?"

हा बाण लक्षात ठेवा हं. मी ठेवला नाही.

आता आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. दर संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतला काला अंब स्मारकाला जातात, तिथल्या लढाईत पडलेल्या आपल्या माणसांना वंदन करायला. आई एकही वर्ष चुकवत नाहीत. पण गुडघे दुखतात, त्यामुळे मिरवणुकीत कायम सगळ्यांच्या मागे. एकदा परत येताना बसमध्ये म्हणाल्या, "इतकी वर्षं येतेय, पण मला दिसतात त्या फक्त लोकांच्या पाठी. एकदा सगळ्यांच्या पुढे झेंडा धरायला मिळाला असता ना…"

मला एकदम भरून आलं. मी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला, "पुढच्या वर्षी सगळ्यात पुढे तुम्हीच!"

कुणाही शहाण्या सुनेने व्हीलचेअर आणली असती. मी इंजिन आणलं.

मायापुरीच्या भंगारबाजारात एका कोपऱ्यात ते पडलं होतं. जुनं विलायती डिझेल इंजिन, कुठल्याशा बोटीतून काढलेलं. गंजून लालभडक! दुकानदार म्हणाला, "मैडम, ये जोड़ी में आता था. दूसरा कब का गल गया. ऐसा पीस पूरे हिंदुस्तान में नहीं मिलेगा." मी विरघळले. जोडी कशासाठी असायची, असा साधा प्रश्न तरी मला पडावा? नाही पडला!

बेत असा होता की एका जुन्या जीपचा सांगाडा घ्यायचा, त्यावर हे इंजिन बसवायचं, वर आईंसाठी रथासारखी उंच खुर्ची. माझा नवरा मिलिंद केंद्र सरकारच्या नोकरीत. तो म्हणाला, "वृंदा, माझा विरोध ऑन रेकॉर्ड घे." घेतला, आणि त्याच्या हातात पॉलिशपेपर दिला.

मग काय विचारता! वर्षभर आमच्या घरात डिझेलचा घमघमाट. जाम झालेले पिस्टन बाल्कनीत तेलात भिजत पडलेले. इंजेक्टरची नोझलं पापडाच्या डब्यात. मिलिंदने एकदा लोणचं समजून वॉशर पानात वाढून घेतला! आई रोज दुपारी इंजिनाची पितळी पाटी चिंचेने घासायच्या, देवाची भांडी घासावीत तशी.

एके दिवशी चाकावरचा, म्हणजे इंजिनाच्या त्या जड फ्लायव्हीलवरचा गंज निघाला आणि खालून एक बाण उमटला. मी टाळ्या पिटल्या. "आई, शुभशकुन!" आणि तो बाण मी स्वतःच्या हाताने, बारीक ब्रशने, छान भगवा रंगवला. मानेसरला दिवसभर बाण तपासणाऱ्या बाईने! तो कुठे तोंड करून आहे हे न बघता!

राहता राहिली चाचणी. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चड्ढाजी. त्यांचा हुकूम होता, "इंजन स्टार्ट कर लो मैडम जी, पर गाड़ी हिलनी नहीं चाहिए. बच्चे खेलते हैं." अच्छा, नाही हलवत. आम्ही गाडी जॅकवर उचलली, मागची चाकं अधांतरी ठेवली, आणि मी सेल्फ मारला.

ढग्. ढग् ढग्. ढगढगढगढग!

पार्किंगमध्ये निळा धूर, माझ्या डोळ्यांत पाणी! पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि चाकं फिरली हो! आईंनी गिअरच्या दांड्यालाच हळदकुंकू वाहिलं. चड्ढाजींनी दोन्ही हात वर करून भांगडा केला. पेढे वाटले. चाकं फिरतायत एवढं पुरे होतं, कुठल्या दिशेने फिरतायत हे पेढा खाताना कोण बघतं?

संक्रांतीला गाडी ढकलत ट्रकवर चढवली आणि पानिपतला नेली. तिथे ही गर्दी! खास गावाकडून आलेली माणसं, फेटे, झेंडे, ढोल. आमची गाडी सगळ्यांच्या पुढे. वर आई, नऊवारीत, नाकात नथ, हातात भगवा. मागे आमच्या मंडळाचं लेझीम पथक. आईंनी मागे वळून एकदा सगळ्यांकडे बघून घेतलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू!

"हर हर महादेव!" आई गरजल्या. मी पहिला गिअर टाकून क्लच सोडला.

आणि गाडी मागे निघाली.

लेझीमवाल्या बायका किंचाळत दोन्ही बाजूंना पांगल्या. आई वरून ओरडल्या, "अगं वृंदा, पुढे! पुढे जायचंय!"

"आई, पुढचाच गिअर आहे!"

"मग दुसरा घाल!"

घातला. आता गाडी दुप्पट वेगाने मागे! झेंडा फडफडतोय, ढोलवाला ढोल टाकून पळतोय, आणि मिलिंद बाजूने धावत बोंबलतोय, "ब्रेक! अगं ब्रेक नावाची गोष्ट असते!"

ब्रेक लागला तेव्हा तिळगूळ वाटणाऱ्यांचं टेबल चार बोटांवर होतं. साताऱ्याकडचे एक फेटेवाले आजोबा पुढे आले, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय हो सूनबाई, इथं येऊन पुन्हा माघारच?"

धरणीने मला पोटात घ्यावं असं झालं. बॉनेट उघडलं. समोर माझा सुंदर भगवा बाण, उलट दिशा दाखवत! तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. मोठ्या बोटीत दोन इंजिनं असतात. एक सुलट फिरतं, एक उलट, म्हणजे बोट सरळ जाते. त्या जोडीतलं उलटं तेवढं मी वर्षभर जिवापाड घासून जिवंत केलं होतं!

"संपलं," मी रडवेली झाले. "आई, चुकले हो मी. तुमचा मान गेला."

आई खुर्चीतून वाकल्या. "इंजिन उलटं फिरतं ना?"

"हो."

"मग उलटा गिअर घाल की!"

बघा आता! बावीस वर्षं कारखान्यात कुणी घालवली, आणि डोकं कुणाचं चाललं! रिव्हर्स टाकला. गाडी पुढे निघाली, मुंगीच्या चालीने. पण मिरवणुकीला दुसरी कसली चाल लागते? लेझीम घुमलं, ढोलवाला परत आला, आणि आमच्या आई सगळ्यांच्या पुढे, झेंडा घेऊन, थेट स्मारकापर्यंत गेल्या. खाली उतरताना त्या रडत होत्या, मीही रडत होते. मिलिंद म्हणाला, "विरोध मागे घेतो. हेपण ऑन रेकॉर्ड."

इथे किस्सा संपला असता तर माझी लाज राहिली असती. पण कुठलं हो!

सोमवारी सकाळी कारखान्यात जायला माझ्या रोजच्या गाडीत बसले. मागे चड्ढाजींची नवीकोरी मोटार, बॉनेटवर अजून पूजेचं स्वस्तिक ताजं. चड्ढाजी तिला पुसत उभे. मी हात हलवला, पुढे जायचं म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने रिव्हर्स टाकला, आणि…

धाडकन!

चड्ढाजी फडकं हातात धरून तसेच उभे. मग शांतपणे म्हणाले, "मैडम जी, आप क्वालिटी में ही हो ना?"

तेव्हापासून माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर आईंनी एक भगवा बाण चिकटवलाय, टोक पुढे करून. कारखान्यातले विचारतात, "मैडम, ये क्या है?" मी सांगते, कुलदैवताचा आहे. आणि रोज सकाळी गिअर टाकण्याआधी त्याला मनोभावे हात जोडते.