कपाशीच्या वावरातली माती

पहिल्याच खेपेला मी तापी फूटपट्टीने मोजली.

जळगावच्या कचेरीतल्या नकाशांच्या खोलीत माझी अकरा वर्षं गेली होती. तालुक्यांचे नकाशे कापडावर उतरवून काढायचे, हेच माझं काम. अशा माणसाने नदीवर सरळ पट्टी ठेवून ‘नऊ मैल, दुपारच्या आत आटोपतं’ असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याने विश्वास ठेवला यात त्याची काही चूक नाही. तापी मात्र माझ्या पट्टीला विचारून वाहत नव्हती. ती वळली, परत वळली, मधेमधे काठाला दोन-दोन पुरुष खोल घळी पडलेल्या. एकेका घळीत उतरून पलीकडे चढायला अर्धा तास. आम्ही स्टेशनाजवळ पोचलो तेव्हा गाडीचा नुसता धूर दिसला.

“नाना,” मास्तर म्हणाला, “पट्टी घरी ठेवत जा.”

एवढंच. चिडला नाही. चिडणं त्याच्या स्वभावातच नव्हतं आणि माझं पुढचं सगळं दुःख त्यातूनच निघालं.

मास्तर माझा शाळेपासूनचा मित्र. जळगावातच मराठी शाळेत शिकवायचा. लहानपणी त्याला पटकी झाली होती. घरच्यांनी आशा सोडली होती, तेव्हा त्याची आई तापीला नवस बोलली: पोर वाचलं तर भुसावळपासून पांझरेच्या संगमापर्यंत काठाकाठाने चालत येईन. तिचं माहेर भुसावळजवळ आणि सासर पांझरेकाठी, म्हणजे माहेरच्या पाण्यापासून सासरच्या पाण्यापर्यंत. पोर वाचलं. मग दुसरं झालं, तिसरं झालं, नवरा गेला, शेती अंगावर पडली, आणि नवस फेडायची सवड मिळाली तेव्हा गुडघे राहिले नव्हते. आता ती थोरल्या मुलाकडे पारोळ्याला असायची. दिसायचंही बंद झालं होतं. कुणीतरी जाणत्याने सांगितलं की मुलाने चाललं तरी चालतं. अटी मात्र दोन. पाऊल अनवाणी हवं आणि काठ कुठे तुटता कामा नये. शिवाय वाटेतल्या प्रत्येक गावच्या काठाची चिमूटभर माती तिच्या हातात द्यायची. ती माती ती तुळशीत घालणार.

सलग आठ-दहा दिवस रजा मास्तरला कोण देणार? म्हणून तुकडे पाडायचं ठरलं. शनिवारी शाळा आणि कचेरी दुपारी सुटत. गाडीने एखाद्या स्टेशनवर उतरायचं, मागच्या वेळी जिथे थांबलो तिथवर चालत जायचं, गावातल्या देवळात पथारी टाकायची आणि रविवारी काठाने पुढचा टप्पा उरकून संध्याकाळची गाडी पकडायची. कार्तिक ते माघ, नदीला पाणी कमी असताना. ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची.

चालणार तो, आखणार मी. पट्टीच्या प्रकारानंतर मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन नकाशावर नदीच्या वळणावळणाने बसवायला लागलो.

“आता नदीलासुद्धा टाके घालणार का?” बायकोने विचारलं.

गावांची यादी मी सुवाच्य अक्षरात करायचो. ती मास्तर आधीच पारोळ्याला जाऊन आईला वाचून दाखवायचा आणि म्हातारी ती पाठ करायची. प्रत्येक गावासाठी मी कागदाची पुडी घडी घालून, वर नाव लिहून तयार ठेवी. काठावर पोचलं की मास्तर पाण्याला हात लावी आणि मी माती उचलून पुडी बांधी. खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत मला स्वतःबद्दल फार बरं वाटायला लागलं होतं. दुसऱ्याच्या नवसात आपण वहाणा घालून पुण्य कमावतो आहोत, अशी काहीशी भावना होती.

चौथा टप्पा धरणगावच्या बाजूचा. त्याच रविवारी आमच्या हेडक्लार्कच्या मळ्यात दुपारी भरिताचा बेत होता. खानदेशाबाहेरच्या वाचकाला हे समजावणं कठीण आहे. हिवाळ्यातलं हिरवं-पांढरं मोठं वांगं कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात, वरून तेल, हिरवी मिरची, शेंगदाणे. सोबत पुऱ्या. त्या मळ्याचं भरीत कचेरीत वर्षभर चर्चेत असायचं. मी तो टप्पा आखताना दोरा नदीवर ठेवला होता खरा, पण डोळा मळ्यावर होता. मळा वाटेत यावा, अशाच बेताने मी त्या रविवारचा शेवट ठरवला. मास्तरला म्हणालो, “वाटेत ओळखीचा मळा आहे, दुपारी टेकू.”

सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही एका मोठ्या वळणापाशी आलो. तिथे नदी उत्तरेला निघून जाते आणि मोठा वळसा घेऊन परत येते. वळणाच्या टोकाला तीस-चाळीस उंबऱ्यांचं एक गाव. काठाने गेलं तर चार-साडेचार मैल, वावरांतून आडवं गेलं तर जेमतेम एक. घळींमुळे सकाळी उशीर झाला होता. मी मनात हिशेब केला. काठाने गेलो तर मळ्यात पोचेपर्यंत बडगी धुऊन उपडी पडलेली असणार.

“इथून आत वळायचं,” मी म्हणालो.

“आत?” मास्तर थांबला. त्याची दूरची नजर अधू होती. जाड भिंगांतून तो नदीकडे पाहत राहिला. “नदी तर तिकडे चाललीय.”

“तो जुना फाटा. पुराच्या वेळचा. खरा काठ हाच, या बांधाने.”

“नकाशात तसं आहे?”

“अरे, नकाशा मी काढलेला आहे!”

नकाशा मी काढलेला नव्हता. मी नुसता उतरवला होता, आणि त्यात नदी जिथे होती तिथेच होती. पण मास्तर मान हलवून माझ्यामागे वळला. बांधावर बाभळीचे काटे होते. माझ्या पायात वहाणा. मागे तो एकेक पाऊल बघून टाकत होता आणि मी पुढून “सांभाळ रे” म्हणत होतो. असली काळजी करायला मला लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

अर्ध्या वाटेवर त्याने विचारलं, “यादीत या भागात एक गाव होतं ना?”

उत्तरेकडे झाडीआड चार छपरं दिसत होती. “ते काय,” मी म्हणालो. “त्याचाच हा शिवार. तू त्या वावरातल्या विहिरीवर पाय धू. मी माती घेतो.”

तो पाय धुवायला गेला. मी कपाशीच्या वावरातून एक चिमूट उचलली, गावाचं नाव लिहिलेल्या पुडीत बांधली आणि इतर पुड्यांबरोबर झोळीत टाकली. हात झटकले. बस, इतकंच केलं. चोरी करताना माणसाला काही वेगळं वाटत असेल, असं मी तोवर समजत होतो.

मळ्यात वेळेवर पोचलो. मास्तरचा नेम होता, टप्प्यावर असताना शिदोरीशिवाय काही खायचं नाही. मी पंगतीत बसलो आणि तो विहिरीच्या कठड्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात बसला. खाऊन झाल्यावर पाय मांडीवर घेऊन सुईने काटे काढायला लागला. मी तीनदा भरीत घेतलं. चौथ्यांदा वाढणारा आला तेव्हा मास्तरने माझ्याकडे बघून ‘पुरे’ असा हात वर केला आणि हसला. भरीत उत्तम होतं. ते वाईट असतं तर आज निदान थोडं हलकं वाटलं असतं.

पुढचा टप्पा झाला. संक्रांतीच्या सुट्टीत मास्तर म्हणाला, “माय तुला बोलावते. नकाशावाला माणूस बघायचाय म्हणते.”

पारोळ्याला गेलो. म्हातारी ओसरीवर बसली होती. मी पाया पडलो तर तिने माझा हात धरून बोटं चाचपली.

“तूच का रे नकाशावाला भाऊ? हात ते बाईनागत मऊ शेत तुना.”

“कागदाचं काम, अक्का,” मी म्हणालो. मास्तरची वहिनी आतून हसली.

तिळगूळ झाला. मग म्हातारीने कोनाड्याकडे हात केला. वहिनीने तिथून एक पुडी आणून दिली. माझ्याच अक्षरातलं नाव. बाकी सगळ्या पुड्या तुळशीत गेल्या होत्या, ही तेवढी मागे ठेवलेली.

“हाई पुडी कोनी बांधी?”

“मी, अक्का.”

तिने पुडी सोडली, माती माझ्या तळहातावर ओतली आणि स्वतःच्या अंगठ्याने ती चोळली.

“हाई माटी नदीनी नही शे, भाऊ. हाई ते कपाशीना वावरनी शे. देख. नदीनी माटी बोटमाईन निंघी जास. हाई चिकटस.” तिने मातीतून एक बारीकसा तंतू वेचून काढला आणि चिमटीत धरला. कापसाचा धागा होता. “मन्हं बठ्ठं आयुष्य वावरमा गयं. नदी त्या गावले सोडी गयी का रे?”

तिला संशय आलाच नव्हता. तिला त्या गावाची काळजी वाटत होती. पाणी दूर गेलं असेल तर बायका धुणं कुठे नेत असतील, असं तिने दोनदा विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात मास्तर म्हणाला, “माय, आते काठलगून बठ्ठी कपाशीच शे.” आणि माझ्या पाठीवर थाप मारून आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “नानाच्या हातून गाव चुकायचं नाही. हा कचेरीचा माणूस आहे.”

“मंग ठीक शे,” म्हातारी म्हणाली. माझ्या तळहातावरची माती तिने सगळी पुसून घेतली, एक कणही राहू दिला नाही, कपाळाला लावली आणि वहिनीचा हात धरून तुळशीपाशी जाऊन आत घातली. मी बघत होतो. हात तसाच पुढे धरलेला.

मोटार सुटायला वेळ होता. मास्तर मला अड्ड्यावर पोचवायला आला. एका लिंबाखाली उभं राहून मी त्याला सांगून टाकलं. नदीचं, बांधाचं, पुडीचं. भराभर सांगितलं, मधे थांबलो असतो तर पुढचं बाहेर आलं नसतं.

तो चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिला.

“म्हणजे भरितासाठी,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“तीनदा घेतलंस.”

मला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला असता तर मी माफी मागितली असती आणि आम्ही दोघं मोकळे झालो असतो. त्याने चष्मा लावला, मोटारीत माझी पिशवी चढवून दिली आणि निघून गेला.

पुढच्या शनिवारी दुपारी तो कचेरीत आला. खिशातून कोऱ्या कागदाची एक पुडी काढून माझ्या मेजावर ठेवली. “यावर त्या गावाचं नाव लिही,” म्हणाला. मी लिहिलं. अकरा वर्षांत इतकं वेडंवाकडं अक्षर माझ्या हातून पडलं नव्हतं.

“मी येऊ?” मी विचारलं.

“नको. मला वळण सापडेल. नदीच्या कडेने जायचं, एवढंच तर आहे.”

तो टोमणा नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं.

आठवड्याने परत आला तेव्हा त्याच्या पायाच्या बोटाला चिंधी होती. वळण पुरं झालं होतं. गावच्या पाणवठ्यावरच्या बायकांनी त्याला ताक पाजू पाहिलं, त्याने नेम सांगून नाही म्हटलं. माती घेऊन, शाळेची तीन दिवसांची रजा काढून, तो तसाच पारोळ्याला गेला होता. म्हातारीने हातात घेताक्षणी ओळखली.

“मग मागच्या मातीचं काय सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगितलं, मी कंटाळलो होतो, मीच आडवाटेने गेलो, नानाला मी खोटं सांगितलं.” तो खिडकीतून बाहेर बघत होता. “माय दोन दिवस बोलली नाही. मग तुळशीतली सगळी माती काढायला लावली. म्हणाली, आता पहिल्यापासून एकेक पुडी हातात दे आणि प्रत्येक गावाचं खरं काय ते सांग.”

“पण पुड्या तर...”

“हो. माती एकत्र झाली होती सगळी. ती बसलीय चाळत. बोटाने वेगळी करते आहे.”

मग त्याने पुढच्या टप्प्याची यादी मागितली. मी दिली. पुढचे टप्पे तो एकटाच चालला. यादी मात्र दर वेळी माझ्याकडूनच न्यायचा, आणि मी दोन-दोनदा दोरा लावून बघायचो.

मास्तर हे सांगून गेला त्या दिवशी मी घरी आलो तो हलका होऊन. वळण चालून झालं, खरी माती पोचली, मास्तर बोलायला लागला. बायको तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसून मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, भरितासकट. शेवटी म्हणालो, “जाऊ दे, मिटलं एकदाचं.”

तिने सूप खाली ठेवलं.

“त्या माउलीच्या लेखी तिच्या नवसात लबाडी केली ती तिच्या पोटच्या मुलाने,” ती म्हणाली. “तुम्ही भाऊजींना सांगितलंत, मला सांगितलंत. जिला सांगायचं ती तिकडे पारोळ्याला माती चाळत बसलीय.”