तोरिबियोने सांगितलेलं नाव

कॅरिबियन बेटावरच्या मातान्सास बंदरगावचा तोरिबियो आर्राते दिवसा कोट शिवायचा आणि शनिवारी नाचाच्या दिवाणखान्यात माणसाएवढं उंच, घोगऱ्या आवाजाचं डबल बेस हे तंतुवाद्य वाजवायचा. १८४४ उजाडलं तेव्हा त्याच्या वाद्यवृंदाशिवाय गावातल्या एकाही बड्या गोऱ्या घरचं लग्न पार पडत नव्हतं. वादक सगळे काळे, पण गुलाम कोणीच नाही. कोणी सुतार, कोणी चांभार. बासरीवाला हिलारियो चिरूट वळता वळता कॉन्ट्रादान्सा नाचाच्या नव्या चाली बसवायचा आणि तोरिबियोला चिडवायचा, "तुझं वाद्य लोकांच्या पोटात वाजतं रे. कानात मीच."

मग गुलामांच्या बंडाचा कट शिजतोय अशी आवई उठली आणि धरपकड सुरू झाली. तालमीला माणसं जमतात, म्हणजे कट तिथेच रचला असणार, असं सरकारने ठरवलं. मार्चमध्ये शिपाई दुकानात शिरले तेव्हा तोरिबियोच्या तोंडात टाचण्या होत्या.

त्याला शिडीला बांधून फोडून काढलं. दोन दिवस त्याने ब्र काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी फक्त एक नाव मागितलं. हिलारियो आठवड्यापूर्वीच जहाजाने परमुलखात, व्हेराक्रुझला निसटला, असं तोरिबियोच्या कानावर होतं. हाती लागणारच नाही अशाचं नाव घेतलं, तर बिघडलं कुठे? त्याने नाव सांगितलं आणि शिपायांनी त्याला सोडून दिलं.

पण हिलारियो गेलाच नव्हता. आई तापाने फणफणलीय असं कळल्यावर तो बंदरावरूनच माघारी फिरला होता. शिपायांना तो तिच्या उशाशी सापडला. त्याला दहा वर्षांसाठी समुद्रापार सेउताच्या तुरुंगात धाडलं.

पाठीचे वळ बरे झाल्यावर तोरिबियो हिलारियोच्या आईकडे, सेराफिनाकडे गेला. ती अंगणात युकाचे कंद सोलत बसली होती.

"मावशी, नाव मी सांगितलं."

तिने सुरी खाली ठेवली. "मी त्याला जा म्हटलं होतं. त्याने ऐकलं नाही." तिने सालं गोळा करून बाजूला सारली. "तुला शिव्याशाप देत नाही मी. मारलंय तुला, दिसतंय. पण माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस."

डिसेंबरात नाच पुन्हा सुरू झाले. आता लष्करी बँडचे गोरे वादक वाजवत होते, पण डबल बेसला माणूस मिळेना, म्हणून तोरिबियोला बोलावणं आलं. त्याची बायको बेनिता म्हणाली, जा, घरात बसून कुढण्यापेक्षा बरं. पहिलीच चाल हिलारियोची निघाली. कागदावर नाव मात्र बँडमास्तरचं. तोरिबियोने ती शेवटपर्यंत वाजवली. मग मास्तरला शांतपणे म्हणाला, "ही हिलारियोची आहे. तसं लिहा."

मास्तर हसला. पुढच्या शनिवारी दुसराच वादक आला.

त्यानंतर तोरिबियोने फक्त कोट शिवले. हिलारियो परतला नाही. तीन वर्षांनी सेराफिनाला सेउताहून एक पत्र आलं. पाद्र्याने ते तिला वाचून दाखवलं. त्यात काय होतं ते तिने कोणालाच सांगितलं नाही, आणि विचारायची तोरिबियोची छाती झाली नाही.