इटालियन बंगल्यातली संगमरवरी बाई

जूनअखेरचा सोमवार, सकाळ. जागा : लकडगंजजवळचा इटालियन धाटणीचा जुना बंगला. हजर : मी, माझा हवालदार, घरमालकीण आजी, त्यांचा पुण्याचा पुतण्या आणि माळी. निवृत्त झालो, तरी ती सकाळ मनातून जात नाही.

कारंज्यावरची संगमरवरी बाई नाहीशी झाली होती. आजी मे महिनाभर दवाखान्यात होत्या. त्या परतल्यावर पुतण्याने फिर्याद दिली. "मे महिन्यात दवाखान्यात भेटायला आलो होतो, तेव्हा एका दुपारी दक्षिणेच्या व्हरांड्यात बसलो होतो. माळी मूर्ती हातगाडीवर चढवत होता. वाटलं, धुवायला नेतोय."

मी व्हरांड्यात उभा राहिलो. पाच उंच कमानी, समोर कारंजं. सगळं स्पष्ट दिसत होतं. जबाब पटला.

हवालदाराने माळ्याला बाजूला घेतलं. "खरं सांग गा, कोणाले देली?"

"रोज आंघोळ घालत होतो साहेब तिले. मी काहून देऊ?"

"घरच्या बाईले कधी एवढं जपलं का?"

"घरची बोलते साहेब. ही बोलत नव्हती."

हवालदार हसला, पण अटकेची तयारी झालीच होती. पंचनाम्यासाठी मी आजींना घराची माहिती विचारली.

"आजेसासरे कापसाच्या व्यापारासाठी इटलीले गेले होते. तिथलं एक घर आवडलं, नकाशाच घेऊन आले. तिथं थंडीत ऊन पाहिजे म्हणून व्हरांडा दक्षिणेले. इथंही तसाच बांधला!" आजी हसल्या. "पहिल्याच उन्हाळ्यात सगळे आत पळाले. तवापासून अक्षय तृतीयेले सगळ्या कमानींत वाळ्याच्या ताट्या लागतात. मृगाचा पाऊस पडला का निघतात. यंदा मी दवाखान्यात होती, तरी माळ्यानं लावल्याच."

ताट्या लागल्यावर व्हरांड्यातून बाहेरचं काहीच दिसत नाही, ऊनही आत येत नाही. पुतण्या या घरात राहायला यायचा तो फक्त दिवाळीत.

मी त्याला सहज विचारलं, "दुपारी तिथे ऊन लागलं नाही?"

"लागलं ना. अंगावरच येत होतं."

मी कोठीत रचलेल्या ताट्या दाखवल्या. रात्री माणसं पाठवून मूर्ती आपणच हलवल्याचं त्याने कबूल केलं. ती शहराबाहेर मिहानकडच्या एका गोदामात सापडली. चोरी झाली, जुना माळीच चोर निघाला, की आजी घाबरून बंगला विकतील आणि पुण्याला येतील, असा त्याचा हिशेब होता.

घटनास्थळ पाहिलं म्हणजे काम झालं, असं मी तोवर समजत होतो. त्या दिवसापासून आधी विचारू लागलो : तेव्हा इथे ऋतू कोणता होता?

माळी कामावर आहे. मूर्ती मात्र ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतच आहे. ती परत मिळण्यासाठी आजींची अर्जावर सही लागते. अर्जात आरोपी म्हणून पुतण्याचं नाव आहे. मागच्या आठवड्यात, निवृत्त असूनही, मी अर्ज घेऊन पुन्हा गेलो. आजींनी चष्मा लावला, नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"चहा घ्या साहेब," म्हणाल्या.

सही व्हायची आहे.