आईच्या मागचं आभाळ

माझ्या थोरल्या भावाला सगळे आभाळ्या म्हणतात, आणि तो ते कौतुक समजतो. फोटोचं दुकान आहे त्याचं. बाहेर फोटो काढायचा म्हटलं की माणसाला उन्हाकडे पाठ करून उभं करणार, मागच्या आभाळावर उजेड मोजणार आणि ढगाची कड न् कड शाबूत राहील इतका काळोखा फोटो काढणार. पुढचा माणूस कोळसा झाला तरी बेहत्तर. वर शहाणपणा असा, की काळोखातलं मागाहून कॉम्प्युटरवर वर काढता येतं, पण पांढरंफटक पडलेलं आभाळ ब्रह्मदेव आला तरी परत मिळत नाही. एका नवरदेवाने फोटो आणून त्याच्यापुढे आपटले, यातली बायको कुठली न् सासू कुठली तेवढं सांग म्हणाला. पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग आईच्या जबड्यात गाठ निघाली. अर्धा जबडा काढावा लागेल, डॉक्टर म्हणाले. आई रडली नाही. दादाला एवढंच म्हणाली, "आहे तो चेहरा एकदा नीट काढून ठेव." जन्मात तिने त्याच्याकडे काही मागितलं असेल तर हेच.

हा पठ्ठ्या तिला मावळतीच्या वेळी गच्चीवर घेऊन गेला. ऊन बरोब्बर तिच्या पाठीमागे. मी म्हटलं, तिला वळव की. तर म्हणे डोळे बारीक करते. मग फ्लॅश मार. तर म्हणे फ्लॅश अडाणी लोक मारतात. शेवटी मीच खालून पांढरी चादर आणून तिच्यासमोर धरली. उजेड चादरीवरून तिच्या तोंडावर पडला आणि आई इतकी छान दिसायला लागली, की काय सांगू. दादाने चादर माझ्या हातातून हिसकावली. मध्ये येते म्हणाला.

आई दवाखान्यात पडलेली आणि हा कॉम्प्युटरवर तिला काळोखातून वर काढत बसला. आली ती करडी, रवाळ भुकटी. नाक नाही, डोळे नाहीत. आभाळ मात्र, आग लागो त्याला, झकास.

त्याने करावं काय? तोच काळा फोटो 'आई' म्हणून स्पर्धेला धाडला. पहिला आला. फ्रेम करून, पेढे वाटल्यासारखा चेहरा करून घरी घेऊन आला. लाज कशाशी खातात हे माहीत असेल तर शपथ.

आईचा गाल एका बाजूने आत गेला होता, बोलताना लाळ गळायची. तिने फ्रेम मांडीवर घेतली, बराच वेळ बघितली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "माझा चेहरा कुठाय यात?"

दादाने त्या काळ्या आकृतीवर बोट ठेवलं. आईने त्याच्या खिशातला रुमाल मागितला, त्याने दिला, तिने तोंड पुसलं आणि फ्रेम त्याच्या हातात परत दिली.

मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.