अफू न चाटलेली लेकरं

खामगावच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, तानुबाई कापूस निवडायला बसायची. बाई तोंडाची फटकळ, असं मुकादम शेषराव साऱ्यांना सांगत फिरे. खोटं नव्हतं ते.

तान्ह्या लेकरांच्या आया कामावर येण्याआधी मोहरीएवढी अफू दुधात कालवून लेकराला चाटवत. मग लेकरू संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत कापसाच्या ढिगाआड मुकाट पडून राही. अफू परवान्याच्या दुकानात उघड मिळे. नागपूरच्या इंग्रज सरकारला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. रडकं लेकरू आणलं, तर शेषराव फाटकातूनच परत लावी. आणि याला म्हणे चालरीत! कसली डोंबलाची रीत?

तानुबाईच्या शेजारी गौसिया बसे. मागच्या हंगामात तिची पोरगी भोंगा झाल्यावर उठलीच नाही. “तेवढंच आयुष्य होतं तिचं,” शेषराव म्हणाला आणि आठवड्याच्या आत गौसियाला कामाचं बोलावणं धाडलं. तेव्हापासून तानुबाईच्या डोक्यात तिडीक होती.

यंदा गौसियाच्या कडेवर तान्हा कय्यूम होता. फाटकाबाहेर तिनं अफूचं बोट त्याच्या ओठांकडे नेलं, तोच तानुबाईनं तिचं मनगट धरलं.

“काऊन वं, याले बी बहिणीमागं धाडतं का?”

“मंग काय करू, मौसी? मुकादम आत घेईन का मले?” गौसियाला रडू फुटलं.

तानुबाई बाकीच्या बायांकडे वळली. “आज कोणीच चाटवू नका. साऱ्याजणी गेलो तं कोणाकोणाले परत लावते तो?”

आवारात कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. शेषरावानं दातओठ खात साऱ्यांना आत घेतलं. मग लेकरांनी असा टाहो फोडला, की सरकी काढणाऱ्या रेच्यांची घरघरही ऐकू येईना. दुपारी शेषराव तणतणत आला आणि खिशातली अफूची पुडी त्यानं तानुबाईपुढे टाकली.

“चाटवा यायले! डोकं उठवलं माह्यं.”

तानुबाईनं पुडी उचलली. “चाटवतो ना. आधी तुमचा नातू आना. त्याले तुमच्या हातानं चाटवा, मंग आमच्या लेकरायले.”

शेषरावाचा चेहरा पडला. त्याच्या घरात लेकरांना अफू कुणी शिवू देत नाही, हे त्याच्याच सुनेनं विहिरीवर सांगितलं होतं.

“म्हंजे इख हाये हे तुमाले ठाऊक होतं!” तानुबाई कडाडली. “ठाऊक असून आमच्या लेकरायले देऊ देलं!”

साऱ्या बाया कामावरून उठल्या. शेषरावानं निमूटपणे एक रिकामी शेड उघडून दिली. रोज एकीनं लेकरांपाशी बसायचं आणि बाकीच्यांनी तिच्या घरी मूठमूठ ज्वारीचं पीठ द्यायचं, असं ठरलं. पुढे दुसऱ्या जिनांतल्या बायाही आल्या, आईबाप नसलेली लेकरंही आली.

काही वर्षांनी गावातल्या मोठ्या मंडळींनी त्याचं बालसंगोपन मंडळ केलं आणि पक्की खोली बांधली. खोली उघडायच्या दिवशी कोट घातलेला शेषराव पुढच्या खुर्चीत! पाहुणे एकमेकांच्या दानतीचे गोडवे गात होते. पीठ देणाऱ्या बायांचं कुणी नावही काढलं नाही. मागे लेकरं रडायला लागली, तसा शेषराव उठून तानुबाईपाशी आला.

“बाई, गप करा यायले.”

गौसियाशेजारी कय्यूम उभा होता, आता चांगला शाळेत जाण्याजोगा. तानुबाईनं त्याला ओढून शेषरावापुढे उभा केला.

“गप?” ती साऱ्या सभेला ऐकू जाईल अशी म्हणाली. “गप तं याची बहीन बी होती.”